बाळंतिणीजवळ कोण?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा अजिंक्यताऱ्याविषयी लिहावे असेच प्रथम मनात आले. परंतु किल्ल्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याच आठवड्यात माझी नात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली आणि पहिल्याच रात्री तिने विचारले, "आजी, त्या वेळी माझ्याजवळ कोण असेल गं?" या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांतून गेलेला आहे. तोच भगिनींपुढे ठेवते.

माझ्या आजीची सारी बाळंतपणे घरातच झाली. माजघराला लागून अंधारी खोली, खिडकी नाही, दाराला घोंगडे लावलेले. आत बाज, बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. नववा महिना लागला तरी आजी जात्यावर बसे. कळा सुरू झाल्या म्हणजे तिला आडवे पडू देत नसत, हिंडवीत असत. मग तुळईला बांधलेल्या दोराला धरून ती उकिडवी बसे. थोरली जाऊ पाठीशी गुडघा देई, सुईण कंबर चोळी. बाई अडली तर घरातली कुलुपे उघडीत, डब्यांची झाकणे काढीत, तिची वेणी सोडीत. लहानपणी आम्ही मुली या गोष्टीला हसत असू.

पुढे एकदा वाचनात आले की, ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, भीतीने अंग आखडते, आखडल्याने वेदना वाढतात आणि वेदना वाढल्या की भीती आणखी वाढते. म्हणून गरोदर स्त्रीला काय होणार ते आधी समजावून सांगावे, श्वास संथ घेण्याची व अंग सैल सोडण्याची सवय लावावी आणि कळांच्या वेळी तिला एकटे सोडू नये. हे वाचताना मला ती उघडलेली कुलुपे आठवली. कुलुपाने काय होणार? पण आपल्यासाठी सारे घर मोकळे होत आहे हे पाहून बाईचे अंगही थोडे सैलावत असेल, असे मला वाटते.

परंतु जुन्याचे कौतुक येथेच थांबवले पाहिजे. आजीचा दुसरा मुलगा सातव्या दिवशी पिईनासा झाला. तोंड मिटले, अंग धनुकलीसारखे ताठले आणि नवव्या दिवशी तो गेला. घरात म्हणाले, सटवी लागली. पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पुजून, दिवा जागता ठेवून सटवाईची वाट पाहिली होती, तरीही. ज्या विळ्याने नाळ कापली त्याचे नाव कोणी काढले नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. न उकळलेल्या पात्यावरून किंवा नाळेवर लावलेल्या राखेतून ते बाळाच्या अंगात शिरतात आणि बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात रोग दिसू लागतो. ज्या रात्री आपल्या बायका दिवा लावून जागत, त्या याच दिवसांत येत. भय खरे होते, त्याचे नाव चुकले होते.

त्या सुईणीला मात्र मी दोष देत नाही. तिला कोणी शिकवलेच नव्हते. ती मांग समाजातली. सुवेर होते तोवर तिचा हात आईला चाले, बाळाला चाले; सुवेर फिटून घर सारवले की तीच बाई अंगणाच्या कडेला उभी राही. हे सांगताना आजीचाही आवाज खाली येई.

सुईणीचे काम हलके आणि विटाळाचे, ही समजूत मोडल्याशिवाय बाळंतिणीजवळ शिकलेली बाई येणे शक्यच नव्हते. डॉ. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. १८८६ साली फिलाडेल्फियास त्यांनी पदवी घेतली ती आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहून. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांचा विभाग त्यांची वाट पाहत होता, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या.

यानंतरची मोठी गोष्ट आपल्या मातीतली आहे, आणि ती आपल्याला पुरेशी ठाऊक नसते याचे मला वाईट वाटते. रमाबाई रानडे या देवराष्ट्रे गावच्या, कुर्लेकरांच्या कन्या. जन्म १८६२ चा. त्या वेळी देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगलीत मोडते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि रमाबाईंनी १९२४ साली निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. ससून रुग्णालयाच्या आधाराने तेथे परिचारिकांचे व सुईणींचे शिक्षण सुरू झाले. ज्या विधवेला शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, तिने जन्माच्या वेळी पहिला हात लावावयाचा! ही केवढी उलटापालट होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. इकडे मिरजेस डॉ. वानलेस यांचे मिशन इस्पितळ १८९४ पासून चालू होते आणि दूरदूरचे रोगी तेथे येत.

अशा रीतीने शिकलेले हात आले, उकळलेली हत्यारे आली, पुढे गरोदरपणी धनुर्वाताची इंजेक्शनेही आली. २०१५ साली भारतातून नवजात अर्भकांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले. माझ्या आजीला ही बातमी वाचून दाखवता आली असती तर!

पण या वाटेत एक वस्तू हरवली. माझे पहिले बाळंतपण १९७४ साली इस्पितळात झाले. सासूबाई दाराबाहेर बाकावर, मी आत लोखंडी टेबलावर उताणी. नऊ तासांत माझा हात कोणी धरला नाही. हिंडू का, असे विचारले तर "गप्प पडा" हे उत्तर मिळाले. मूल सुखरूप झाले, त्याचे ऋण मी मानते. परंतु तो एकटेपणा मला अजून आठवतो. आज महाराष्ट्रात शंभरातली सुमारे पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात, आणि चारांतले एक पोट कापून होते, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. गरज असेल तेव्हा ते कापणे जीवदान आहे, यात शंका नाही.

हरवलेली सोबत आता कागदोपत्री तरी परत आली आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ नात्यातील एका स्त्रीस थांबण्याची मुभा दिली. शक्यतो जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे अशी. जाऊबाईंचा गुडघा सरकारने मान्य करावयास इतकी वर्षे लागली.

पहिल्या आठवड्यांविषयी नातीशी माझा वादच झाला. आमच्यात पहिले तीन दिवस चीक पिळून टाकीत आणि बाळाला मध किंवा एरंडेल चाटवीत. ती म्हणाली, "आजी, तासाभरात अंगावर पाजायचं, आणि सहा महिने पाणीसुद्धा नाही." गुटीसाठी सहाण काढली होती, ती मी परत ठेवली. पहिल्या दिवशी न्हाऊ घालावयाचे नाही, हेही मान्य केले. शेगडी गेली, कारण बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला वाईट. पण ऊब हवीच, आणि ती आईच्या उघड्या छातीशी सर्वांत चांगली मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या बायकांना घरोघर जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घेण्यास शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे दाखवले आहे. बाळाला ऊब देणे, वजन पाहणे, श्वास मोजणे, वेळीच औषध देणे, अशीच ती कामे. आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मात्र नातीने विनातक्रार मान्य केले.

सध्या रोज संध्याकाळी आम्ही दोघी चार भिंतींवरून हिंडून येतो. चढ ती लागेपर्यंतच, पुढे परत. रात्री ती डोळे मिटून श्वास मोजते आणि मी तिची कंबर चोळते. मऊ झालेली चार जुनी लुगडी उकळून, उन्हात वाळवून पिशवीत भरली आहेत. दवाखान्याच्या कागदावर सोबतीणीच्या रकान्यात तिने माझे नाव घातले आहे. वय विचारले होते, तेही खरे लिहिले. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तासन् तास उभं राहवेल ना?" मी म्हटले, "बसायला एक स्टूल ठेवा म्हणजे झालं." दिवस येत्या पंधरवड्यातले आहेत.