मोटारसायकल : स्वामित्व, देखभाल आणि फेरफार

मोटारसायकल आणि तिचा दैनंदिन स्वार यांच्यातील संबंध हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. या संबंधात तीन क्रिया अंतर्भूत होतात : वाहन धारण करणे, ते राखणे आणि ते बदलणे. व्यवहारात या तिन्ही एकमेकींत मिसळतात व बहुतेक गैरसमज त्यातूनच उद्भवतात. म्हणून प्रथम व्याख्या निश्चित करणे इष्ट.

‘दैनंदिन स्वार’ म्हणजे वाहन बंद पडल्यास ज्याचे त्या दिवसाचे काम अडते तो. दूधवाला, एमआयडीसीतील कामगार, तालुक्याच्या गावाहून शाळेवर जाणारा शिक्षक हे या संज्ञेत येतात. केवळ सुटीच्या दिवशी घाटात जाणारा येत नाही. ‘मोटारसायकल’ या शब्दाने येथे १०० ते १२५ घनसेंमी क्षमतेचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक वाहन अभिप्रेत आहे. हीरो होंडाच्या सीडी १०० ने १९८५ साली हा प्रकार भारतात रुजवला आणि १९९४ च्या स्प्लेंडरने तो घरोघरी नेला. आरएक्स १०० अथवा बुलेट बाळगणाऱ्यांचे प्रश्न अंशतः वेगळे आहेत. त्यांचा उल्लेख प्रसंगोपात्त होईल.

स्वामित्व द्विविध आहे : विधिगत आणि ज्ञानगत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे तो मालक. वाहन कर्जतारण वा भाडेखरेदी करारावर असल्यास ज्याच्या ताब्यात ते आहे तो मालक. सेकंडहँड गाडी विकून पैसे घेतले, चावी दिली, परंतु आरसी बुकावरील नाव तसेच राहिले, तर अपघाताचे दायित्व जुन्या नावावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हीच भूमिका घेतली. विधिगत स्वामित्वाचा विचार येथे पुरा होतो. ज्ञानगत स्वामित्वाची व्याख्या अशी : वाहनाची आजची अवस्था आणि तिची कारणे ज्याला ठाऊक आहेत तो त्याचा ज्ञानगत स्वामी. पहिले स्वामित्व विकत मिळते. दुसरे देखभालीने संपादन करावे लागते आणि देखभाल थांबताच ते क्षीण होते.

देखभाल म्हणजे झिजेचे नियमन. झीज पूर्णतः टाळता येत नाही. ती कोठे व किती व्हावी एवढेच ठरवता येते. यावरून दुसरा प्रश्न निघतो : झीज किती प्रकारची? कारणांच्या दृष्टीने ती चतुर्विध आहे.

पहिली अंतरजन्य. ब्रेक शू, टायर, क्लच प्लेट, चेन हे भाग धावलेल्या किलोमीटरांच्या प्रमाणात झिजतात. ‘चेन लांबली’ असे म्हणतात, पण कड्यांच्या पट्ट्या वस्तुतः ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन व बुश घासून किंचित ढिले होतात आणि शंभरावर सांध्यांची ती सूक्ष्म ढिलाई एकत्र होऊन चेन लांब भासते. परिणामी चेनच्या सांध्यांतील अंतर आणि स्प्रॉकेटच्या दातांतील अंतर यांचा मेळ सुटतो. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर घातल्यास ती लवकर जाते याचे कारण हेच. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत.

दुसरी कालजन्य. रबर कडक होते, बॅटरी उभ्या उभ्या उतरते, ट्यूबमधील हवा कमी होते. इंजिन ऑइलही या वर्गात येते, आणि हे अनेकांना पटत नाही. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील बहुतांश सायलेन्सरवाटे जाते. अल्पांश पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतो. इंजिन पुरेसा वेळ तापले तर तो उडून जातो. घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढेच फिरणाऱ्या गाडीचे इंजिन तितके तापतच नाही. यास्तव कमी फिरणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटर मोजून नव्हे, महिने मोजून बदलावे.

तिसरी आघातजन्य. खड्डा, गतिरोधक, किकवरचा धक्का. रिमला आउट येणे, स्पोक सैल होणे, हँडलच्या कोनसेटमध्ये खाचा पडणे ही तिची लक्षणे. तिच्याविषयी अधिक लिहिण्याची महाराष्ट्रातील वाचकाला आवश्यकता नसावी.

चौथी उपचारजन्य, म्हणजे देखभालीनेच उत्पन्न झालेली. या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे प्राप्त आहे. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

(अ) टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. फट वाढली की टकटक आवाज येतो. स्वार अस्वस्थ होतो आणि ‘आवाज बंद करून द्या’ असे मेकॅनिकला सांगतो. मेकॅनिक स्क्रू कसतो, आवाज बंद होतो. परंतु फट नाहीशी झाल्यास तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यत्वे बैठकीला टेकल्यावरच सोडतो. टेकला नाही तर त्याची कड जळते आणि इंजिनचा दाब जातो. वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो, न वाजणारा इंजिनाला. त्यामुळे टॅपेटचे काम थंड इंजिनावर, फीलर गेजने मोजूनच करवून घ्यावे. केवळ कानावर विसंबणारा मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी येथे त्याचे प्रामाण्य मानू नये.

(आ) चेनचा ताण. मागील चाक स्विंगआर्मवर खालीवर होते. गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागील आस ही तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा दोन स्प्रॉकेटांमधील अंतर महत्तम असते. गाडी मुख्य स्टँडवर असताना चाक त्या रेषेच्या खाली लोंबते; अंतर कमी, म्हणून चेन सैल दिसते. ही सैलाई दोष मानून स्टँडवरच चेन ताठ केली, तर दोन माणसे बसताच चाक त्या रेषेकडे सरकते आणि चेन तारेसारखी ताणली जाऊन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सतत ओढ राहते. पुस्तिकेत सांगितलेली २० ते ३० मिलिमीटरांच्या आसपासची ढिलाई ही आळसाची सवलत नव्हे. ती या भूमितीतून निघते.

(इ) धुणे. सर्व्हिस सेंटरमधील दाबाचे पाणी चाकाच्या बेअरिंगपर्यंत आणि चेनच्या सांध्यांत शिरते व तेथील ग्रीस काढून टाकते. स्वच्छ गाडी आणि निरोगी गाडी यांत भेद केला पाहिजे.

झिजेचे प्रकार निश्चित झाल्यावर उपायांच्या पायऱ्या आपोआप ठरतात : निरीक्षण, समायोजन, प्रतिस्थापन आणि पुनर्निर्माण. शेवटची पायरी, म्हणजे सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालणे, ही लेथवाल्याची व कुशल फिटरची. स्वाराने तिचे बिल तपासावे एवढेच. पहिल्या दोन मात्र स्वाराच्या स्वतःच्या आहेत. त्यांत क्रम महत्त्वाचा. चेन कसताना मागील चाक मागे सरकते. चाक मागे सरकले की ड्रम ब्रेकची सळई ओढली जाऊन ब्रेक आपोआप घट्ट होतो. म्हणजे आधी ब्रेक आणि मग चेन असा क्रम धरल्यास ब्रेकचे काम वाया जाते; शू ड्रमला घासत राहतो, अ‍ॅव्हरेज घटते आणि दोष कार्बोरेटरला दिला जातो. आधी चेन, मग ब्रेक, शेवटी ब्रेकच्या दिव्याचा स्विच. ऑइलच्या निवडीतही असाच परस्परसंबंध आहे : या गाड्यांत एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरते. मोटारगाडीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इंजिनाला मानवतात, परंतु ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटा त्यामुळे घसरू लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ हे मानक असल्याची खात्री करावी.

आता फेरफार. निर्मात्याने ठरवलेल्या मापापासून वा भागापासून हेतुपुरस्सर ढळणे, ही त्याची व्याख्या. देखभाल वाहनाला मूळ मापाकडे नेते, फेरफार मूळ मापापासून दूर. दिशा विरुद्ध असल्याने दोन्हींचे निकषही निराळे. हेतूनुसार फेरफाराचे चार वर्ग पडतात : भारविषयक, ओढविषयक, प्रकाशविषयक आणि प्रदर्शनविषयक.

ओढविषयक फेरफाराचे गणित सोपे आहे. समजा, पुढील स्प्रॉकेटला १४ आणि मागील स्प्रॉकेटला ४२ दात आहेत, गुणोत्तर ३.०० झाले. मागे ४४ दात घातल्यास ते ३.१४ होते, म्हणजे सुमारे ५ टक्के वाढ. पुढे १४ ऐवजी १३ घातल्यास ३.२३, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या तोडीचा ठरतो. गुणोत्तर वाढले की घाटात ओढ वाढते. त्याच प्रमाणात, त्याच वेगाला, इंजिनचे फेरेही वाढतात आणि पेट्रोल अधिक लागते. चढावरील वाड्यावस्त्यांना रोज माल पोचवणाऱ्याने हा सौदा करावा. सपाट रस्त्यावरच्या स्वाराने करू नये.

याउलट रुंद टायरचा फेरफार बहुधा हेतूविनाच केला जातो. ८०/१००-१८ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६१७ मिलिमीटर. त्याजागी १००/९०-१८ घातल्यास ६३७. व्यास ३ टक्क्यांहून अधिक वाढला. परिणाम असे : चाकाशी ओढ त्या प्रमाणात घटते, तेवढाच ब्रेक दाबून मिळणारा रोधही घटतो, मूळ अरुंद रिमवर रुंद टायरच्या बाजू आवळल्या जाऊन त्याचा आकार बिघडतो. मग ‘पिकअप गेला’ म्हणून स्प्रॉकेट बदलले जाते, मोठ्या स्प्रॉकेटला चेन आखूड पडते म्हणून चेन बदलली जाते. मोटारसायकलमधील मापे परस्परावलंबी असल्याने एक माप हलवणारा शेवटी अनेक हलवतो आणि वाहनाचा नवा आराखडाच करू लागतो. आराखडा करण्याची पात्रता व जबाबदारी स्वीकारल्यावाचून तो करणे अग्राह्य होय.

प्रकाशविषयक फेरफारात धोका अदृश्य असतो. १२ व्होल्टवर ३५ वॅटचा बल्ब सुमारे २.९ अँपिअर घेतो, ६० वॅटचा ५. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह पावणेदोन पट होण्याआधीच उष्णता जवळजवळ तिप्पट होते. स्विच आणि वायरिंग मूळ प्रवाहाला धरून आखलेले असते. रिले न बसवता जादा दिवे जोडणे म्हणून वर्ज्य. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवल्यास प्रकाशाचा उगम नाभीवर राहतोच असे नाही; झोत विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काळोख्या रस्त्यासाठी अधिक प्रकाश हवा असणे न्याय्य आहे. तो आधी काच पुसून आणि झोताची उंची लावून मिळवावा.

प्रदर्शनविषयक वर्गात सायलेन्सर मुख्य. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक यंत्रात सायलेन्सरची लांबी व पोकळी सिलिंडर भरण्याच्या क्रियेशीच निगडित असते. तेथे बदल करणाऱ्यास निदान यांत्रिक विषय तरी असतो. फोर-स्ट्रोक प्रवासी गाडीत आवाजाचा सायलेन्सर लावून शक्ती वाढल्याचा केवळ भास होतो. शिवाय बीएस-६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये उत्प्रेरक परिवर्तक असतो. पुंगळी बदलताना तोच निघाला तर वाहन प्रदूषणाच्या मर्यादेत राहत नाही. अशा आवाजाचे ‘इंदोरी’ सायलेन्सर पोलिसांनी जप्त करून रोडरोलरखाली घालणे हे महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पाहिले आहे. त्याविषयी खेद वाटण्याचे कारण नाही.

भारविषयक वर्ग सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत विचारपूर्वक घडलेला आहे. पश्चिम महाराष्ट्रात दूधवाल्याच्या गाडीच्या दोन्ही अंगांना किटल्यांसाठी लोखंडी चौकट असते. दोन चाकांच्या आसांतील अंतर १,२५० मिलिमीटर धरल्यास, ६० किलो भार मागील आसेच्या २५० मिलिमीटर मागे ठेवला असता पुढील चाकावरील भार १२ किलोने घटतो. हँडल हलके होते आणि पुढचा ब्रेक चाक घसरवतो. तोच भार आसेच्या दोन्ही बाजूंना टांगला तर पुढील चाकावर परिणाम होत नाही. किटल्या आसेलगत व शक्य तितक्या खाली ठेवणारी ही रचना कोणत्याही अभियंत्याने मान्य करावी अशी आहे. तिला दोन पथ्ये जोडावीत : चौकट मूळ सांगाड्याला वेल्ड न करता बोल्टने कसावी आणि मागील टायरमध्ये भाराला योग्य अशी हवा ठेवावी.

यावरून ग्राह्यतेचे तीन निकष सिद्ध होतात. फेरफाराला दैनंदिन कामातील हेतू असावा. त्याचे परिणाम ज्या ज्या भागांवर होतात ते आधी मोजलेले असावेत. आणि तो उलटवता यावा. चौथी अट विधीची आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत नमूद झालेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. साडी गार्ड आणि मागील व्यक्तीसाठीची पकड ही केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ ने आवश्यक केलेली साधने आहेत. ती ‘लूक’साठी काढणाऱ्याने मागे बसणाऱ्या स्त्रीचे संरक्षण काढलेले असते.

नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण तपासणीसाठी गाडी उभी करूनच होते. म्हणून फेरफार करताना काढलेला प्रत्येक मूळ भाग, नटबोल्टांसह, ऑइलचा हात फिरवून, कागदात गुंडाळून व चिठ्ठी लावून जपून ठेवावा. भंगारवाल्याला देऊ नये.