पंढरीची घरे

पंढरपूर म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते विठोबाचे देऊळ. मला मात्र त्या गावाचा इतिहास वाचावासा वाटतो, तो तिथल्या घरांतून. आषाढीला लाखो पाहुणे ज्या गावी येतात, तिथे कोणी कोणास आसरा दिला, एवढे विचारले तरी पुष्कळ काही कळते.

महाद्वार घाटावर उभे राहावे. किल्ल्यासारखे दिसणारे होळकरांचे आणि शिंद्यांचे वाडे तिथे चंद्रभागेकडे तोंड करून उभे आहेत. होळकर वाड्यात राममंदिर आहे. शिंद्यांच्या बाजूस बायजाबाईंनी १८४९ साली द्वारकाधीशाचे मंदिर बांधविले. सरदारांनी पंढरीत घर केले ते असे, देवाला शेजारी घेऊन.

सामान्य वारकऱ्याचे काय? ज्याच्या फडाचा मठ असे तो मठात उतरे. इतरांसाठी गावकऱ्यांच्या ओट्या, पडव्या आणि माड्या होत्या. वारीत अख्खे गावच धर्मशाळा होई. पण अस्पृश्य वारकऱ्याला ना देवळात प्रवेश, ना इतरांच्या पंगतीत पथारी. चोखोबांची समाधी महाद्वारापुढे, नामदेव पायरीजवळ आहे; त्यांच्या वंशबांधवांची वाटही पुढे कित्येक शतके तिथेच थांबत असे.

ही उणीव भरून काढली ती हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांनी. १९२०च्या सुमारास लोकांकडून पैसा उभा करून त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. देवळाचे दार उघडण्याआधी सुमारे पाव शतक माणसांसाठी हे दार उघडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या देवळासाठी साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात उपोषण केले, तेही तनपुरे महाराजांच्या मठात. पंढरीतला एक मठ असा त्या लढ्याच्या कामी आला.

१९४९ साली बाबांनी ती धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ठिकठिकाणी धर्मशाळा उभारणारे बाबा स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत; त्यांना झोपडी पुरे होई.

आता नदीपलीकडे ६५ एकरांच्या तळावर वारीत राहुट्या पडतात. पाणी, दिवे, शौचालये यांची तिथे सोय असते. ज्या कामासाठी बाबांना दारोदार हात पसरावा लागला, ते आता सरकारचे कर्तव्य ठरले आहे. वाडे पाहावेत, त्यांची दगडी भव्यता डोळे भरून पाहावी. पण पंढरीतले सर्वांत थोर घर कोणते, असे कोणी विचारले तर मी चोखामेळा धर्मशाळेकडे बोट दाखवीन.