काळजाचे छिद्र आणि वऱ्हाडची वाट

कापसाचा आणि जिनिंगच्या धुराड्यांचा इतिहास वऱ्हाडने पुष्कळ लिहिला. परंतु जन्मतःच हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेले लेकरू कडेवर घेऊन बडनेऱ्याच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या आईबापांची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. हा मुलूख १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला तेव्हा त्याच्या अर्जविनंत्यांची वाट नागपूरकडे वळली, आणि १९५६ साली तो मुंबई राज्यात आला तेव्हा तीच वाट साडेसहाशे किलोमीटरांच्या घरात गेली.

त्या वाटेच्या शेवटी पूर्वी करवत असे. १९५३ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदयाचे व फुप्फुसांचे काम यंत्रावर सोपवून एका तरुणीच्या हृदयातील छिद्र शिवले, तेव्हापासून छाती उघडणे हाच राजमार्ग ठरला. वास्तविक शिरेतून हृदयात शिरता येते, हे जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने १९२९ सालीच, वरिष्ठांची मनाई मोडून, कोपराजवळच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी सरकवून आणि तशाच अवस्थेत क्ष-किरण विभागापर्यंत चालत जाऊन सिद्ध केले होते. नोबेल पारितोषिक मात्र त्याला वऱ्हाड मुंबईकडे आले त्या वर्षी मिळाले.

अमेरिकेत किंग आणि मिल्स यांनी १९७५ साली नळीवाटे छिद्र झाकले खरे, पण त्यांची नळी फार जाड होती. नव्वदीच्या दशकात मिनेसोटातील कुर्ट अँप्लात्झ यांनी निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूची, आपला आकार न विसरणारी जाळी विणली. जांघेतील शिरेतून बारीक नळीत दडपून नेलेली ही जाळी छिद्रापलीकडे एक चकती उघडते, अलीकडे दुसरी, आणि दोहोंच्या चिमटीत पडदा सापडतो. पुढील काही महिन्यांत शरीर तिच्यावर स्वतःचे अस्तर चढवते. छिद्र वरच्या कप्प्यांमधील पडद्याच्या मध्यभागी असावे आणि त्याच्या कडा पकड देण्याइतक्या शाबूत असाव्यात, एवढी मात्र अट. जाळीत शिवलेले कापड पॉलिएस्टरचे असते. कापसाच्या मुलखातील लेकराच्या काळजाला अखेर ठिगळ लागते ते परक्या धाग्याचे!

खर्चाचा प्रश्न उरलाच. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत अमरावती होते, अकोला नव्हते. त्यामुळे नोव्हेंबर २०१३ पर्यंत एकाच केशरी शिधापत्रिकेचे मोल मूर्तिजापूरच्या शिवेअलीकडे एक आणि पलीकडे दुसरे, असा प्रकार चालला. दरम्यान पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून लेकरांच्या छातीला स्टेथोस्कोप लावू लागली होती. वरच्या पडद्यातील छिद्राची मर्मर मोठी क्षीण असते. ती कानी पडावयास खोलीत शांतता लागते, आणि चाळीस पोरांच्या अंगणवाडीत ती कोठून आणावी?