आपण कुठला पिच?

परवा शुक्रवारी अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल होता. काम लवकर संपलं, मग तिकडच्या मॅनेजरनं एक खेळ काढला. प्रत्येकानं सांगायचं, स्वभावानं तुम्ही बेसबॉलचा कुठला पिच आहात? एक जण म्हणाला, मी फास्टबॉल, जे काही असेल ते तोंडावर. दुसरी म्हणाली, मी चेंज-अप, दिसते वेगवान पण येते हळू. एकानं नकलबॉल निवडला. त्या चेंडूला फिरकी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो हवेत कसा डगमगेल हे टाकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं.

माझी पाळी आली. आपल्या डोक्यात पिच म्हणजे खेळपट्टी! मी आपला भाबडेपणानं म्हणालो, "लातूरची. काळी माती, पाऊस कमी, उन्हाळ्यात भेगा." सगळे गप्प. मग कुणीतरी समजावलं की त्यांच्याकडे पिच म्हणजे फेकलेला चेंडू. घाईघाईत मी "गुगली" म्हणून मोकळा झालो :)

हे साफ खोटं होतं. माझ्या अप्रेझलमध्ये वर्षानुवर्षं एकच शब्द येतो, ‘रिलायबल’. गुगलीला कोणी रिलायबल म्हणेल का?

पण गुगलीचा मोह आपल्याला आहेच. साधारण 1900 च्या सुमारास बोसांकेट नावाच्या इंग्रजानं हा चेंडू मैदानात आणला. हात लेगब्रेकचा, चेंडू मात्र उलट दिशेला वळणार. आपल्याकडे तो सुभाष गुप्तेंइतका सुंदर फार थोड्यांनी टाकला. 1958 साली कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात 102 धावांत 9 बळी! आज मराठी पेपरात राजकारणी जरा काही वेगळं बोलला की लगेच ‘गुगली’चा मथळा येतो. हुशार माणूस म्हणजे गुगली, हे समीकरणच होऊन बसलंय.

मग सरळ चेंडूवाल्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी आहेत नाशिकचे बापू नाडकर्णी. जानेवारी 1964, मद्रास, समोर इंग्लंड. बापूंनी सलग 21 षटकं निर्धाव टाकली. डावातलं पृथक्करण 32-27-5-0. सरावात खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पण त्या आकड्यांतला शेवटचा शून्य बघा. बळी एकही नाही, आणि सामना अनिर्णित. आम्हा रिलायबल लोकांची भीती नेमकी हीच असते. जन्मभर अचूक टाकायचं आणि हाती शून्य!

आमचा लातूर पॅटर्नही तसाच नाही का? पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, त्याच प्रकारचे प्रश्न, चुका शोधायच्या, परत पेपर. नाण्यावर चेंडू. राज्यभरातून पोरं लातूरला आली, पुढं नांदेडलाही क्लासेसची गर्दी झाली. त्यातून डॉक्टर झाले, इंजिनियर झाले. आणि शहरात आल्यावर ‘घोकंपट्टीवाले’ म्हणून टोमणेही ऐकले. मी ऐकलेत.

आता आमच्या भागातले दोन मुख्यमंत्री घ्या. नांदेडचे शंकरराव चव्हाण म्हणजे शुद्ध लाइन अँड लेंग्थ. शिस्त इतकी की लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणायचे. लातूरचे विलासराव देशमुख म्हणजे उंची दिलेला संथ चेंडू. हसत, गप्पा मारत यायचा आणि फलंदाज पुढं आल्यावर कळायचं. 2011 मध्ये तर त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत चक्क वेंगसरकरांना हरवलं.

हे दोघांचे जन्मजात स्वभाव, असं म्हणून विषय संपवता येईल. पण जरा मातीकडे बघा. शंकररावांचा जन्म 1920 चा, निजामी राजवटीतला. ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात होते. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा भारतात आला तेव्हा शिक्षण आणि सिंचन, दोन्हींत तो मागे होता. अशा ठिकाणी धरणं उभी करायला निघालेल्या माणसाला गुगली टाकून चालत नाही. जायकवाडी, विष्णुपुरी ही कामं वर्षानुवर्षं एकाच टप्प्यावर चेंडू टाकण्यासारखी असतात. विलासराव 1948 साली तीन वर्षांचे होते. ते पुण्यात शिकले, बाभळगावचे सरपंच झाले, आणि त्यांच्या हाती आली ती आघाडी सरकारांची खेळपट्टी. तिथं सगळ्यांना हसत सांभाळावं लागतं. प्रदेश एकच, खेळपट्ट्या दोन.

म्हणजे कॉलवर माझं चुकलेलं उत्तरच जास्त बरोबर होतं! माणूस कुठला चेंडू, हे विचारण्याआधी तो कुठल्या मातीवर पडला ते विचारायला हवं. सातशे पोरांच्या वर्गात, महागडी पुस्तकं परवडत नसताना, मार्क हाच एक रस्ता दिसत असताना, जे जमलं ते आम्ही टाकलं. आम्ही चाकोरीतले होतो म्हणून पॅटर्न आला असं नाही. पॅटर्नशिवाय तिथून बाहेर पडायचा रस्ता बहुतेकांना दिसत नव्हता.

आणि खेळपट्टी बदलली की तोच चेंडू वेगळं काही करतो. मद्रासच्या त्याच मालिकेत, कानपूरला फॉलोऑननंतर बापूंनी बॅट हातात घेऊन नाबाद 122 काढल्या आणि कसोटी वाचवली. चार वर्षांनी, 1968 मध्ये, वेलिंग्टनला न्यूझीलंडविरुद्ध 43 धावांत 6 बळी घेतले. भारत जिंकला, आणि परदेशातली पहिली मालिकाही आपण त्याच दौऱ्यात जिंकली. गोलंदाज तोच, नाण्यावरचा सरावही तोच.

शून्य बळींच्या दिवशी बापूंनी चेंडू टाकणं सोडलं असतं तर?

असो. पुढच्या शुक्रवारी मॅनेजरला खरं उत्तर देणार आहे. मी गुगली नाही, मी स्टॉक बॉल. गोलंदाज दिवसभर ज्याच्यावर जगतो तो. आणि पिच विचाराल तर लातूरची, हे उत्तर मी मागे घेत नाही.