किल्ल्यातली निनावी कबर

नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. कुणाची, ते मौलाना आझादांना ठाऊक नव्हतं. येता-जाता शेकडो वेळा ती त्यांच्या नजरेखालून गेली होती. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी गेल्याची खबर आली आणि त्या अनोळखी कबरीशी त्यांचं नातं जुळल्यासारखं झालं.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, शंकरराव देव अशा बारा जणांना नगरला आणलं. कुठे ठेवलंय हे सरकारनं जाहीर केलं नाही. आरोपपत्र नाही, खटला नाही. मग शिक्षेची मुदत तरी कुठली? 'द ग्रीन माइल' या अमेरिकी चित्रपटात निरपराध कैद्याला विजेच्या खुर्चीत बसवतात. तो चुकीच्या निकालाचा अन्याय. नगरला चुकायला निकालच नव्हता.

किल्ला मात्र मरणाला सरावलेला. मोगलांशी झुंजलेली चांदबिबी १६०० साली इथे आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. तिच्या काळातल्या चिता खान नावाच्या हबशाची आठवण होऊन आझादांनी तुरुंगाच्या सुपरिंटेंडंटचं नावच 'चिता खान' पाडलं. असला विनोद इतिहास मुरलेल्या माणसालाच सुचावा!

कोलकात्यात पत्नी झुलेखा बेगमची प्रकृती खालावल्याचं कळलं, तेव्हा सुपरिंटेंडंटनंच विचारलं, सरकारकडे काही मागणं आहे का? आझाद नाही म्हणाले. नेहरूही येऊन बोलून गेले. उत्तर तेच. ज्या सरकारनं कोर्टासमोर उभं न करता डांबलं, त्याच्यापुढे भेटीसाठी हात पसरायचा नाही, हा त्यांचा हट्ट. ९ एप्रिलला बेगम गेल्या. या हट्टाला ताठा म्हणणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं की, त्याची किंमत आझादांनी स्वतःच मोजली.

ते भल्या पहाटे उठत, स्वतःच्या हातानं चिनी चहा करत आणि मित्र हबीबुर रहमान खान शेरवानींना पत्रं लिहीत. ती टपालात पडलीच नाहीत. १९४६ मध्ये त्यांचं 'गुबार-ए-खातिर' झालं. त्यात खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यासुद्धा आहेत. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं आणि किल्ल्यातल्या सोबत्यांना अर्पण केलं. चांदबिबीला लोककथांनी जिवंत ठेवलं; या कैद्यांनी कागदाची सोय स्वतःच केली.

१९४५ च्या जूनमध्ये आझाद सुटले. हावड्याला स्वागताला तोबा गर्दी होती, मोटार हारांनी भरली होती. त्यांनी ती पत्नीच्या कबरीकडे घ्यायला सांगितली. तिथे पोचल्यावर त्या ढिगातला एक हार कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटला.