संग्रहणी आणि भांग

कोल्हापूरच्या तालमींत मल्लांसाठी घोटली जाणारी थंडाई बदाम-खसखशीची. तिच्यात भांग असावी हा परगावच्या पाहुण्यांचा समज उत्तरेकडील थंडाईवरून झालेला असतो. आपल्याकडे भांग म्हटली की शिमगा किंवा महाशिवरात्र आठवते. तीच भांग संग्रहणीच्या रोग्याचे औषध होती, हे सुशिक्षित घरांतून बहुधा विसरले गेले आहे.

शार्ङ्गधरसंहितेत जातिफलादि चूर्ण सांगितले आहे. जायफळ, लवंग, सुंठ, मिरी, चित्रक इत्यादी वीस द्रव्ये समभाग घ्यावयाची. त्या सर्वांइतकी एकटी भांग, आणि या साऱ्याच्या बरोबरीने साखर. म्हणजे चूर्णाचा चौथा हिस्सा भांगेचा! याच ग्रंथकाराने भांग व अफू यांस ‘व्यवायी’ म्हटले आहे. पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणारी ती द्रव्ये. औषधाचा गुण आणि त्याचे भय ही दोन्ही या एका शब्दात आली आहेत, असे आम्हांस वाटते.

1839 साली कलकत्त्यास डॉ. ओशॉनेसी यांनी भांगेच्या अर्काचे प्रयोग आधी जनावरांवर व मग संधिवात, धनुर्वात, पटकी यांच्या रोग्यांवर केले. 1893-94 च्या सरकारी चौकशी मंडळानेही मित सेवन बहुधा निरुपद्रवी ठरविले.

अलीकडील पुरावा इस्राएलातील आहे. 2013 साली तेथे क्रोन नामक आंत्ररोगाच्या 21 रोग्यांवर आठ आठवडे प्रयोग झाला. खरा गांजा ओढणाऱ्या 11 पैकी 10 जणांस आराम वाटला. निःसत्त्व केलेला ओढणाऱ्या 10 पैकी चौघांस. मात्र पुढील प्रयोगांत दुर्बिणीने आतडी पाहिली, तेव्हा आतील दाह त्या मानाने शमलेला आढळला नाही. दिवसातून दहा वेळा उठावे लागणाऱ्यास आराम ही क्षुद्र गोष्ट नव्हे. पण त्या आरामावर विसंबून तो मूळ उपचार सोडील, तर आत व्रण वाढतच राहावयाचा.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षीच्या मुंबई दारूबंदी कायद्याने भांग-गांजावर निर्बंध आले. 1985 च्या केंद्रीय कायद्याने गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती केली, नुसते पान वगळले. त्या पानाचे चूर्ण आजही वैद्यकात आहे. विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत भांगेचे नाव असल्यामुळे त्याच्या बाटलीवर, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापावी लागते.