पाइपांचे रंग, पडद्याचे रंग

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात रंगाने शिकवायला सुरुवात केली ती संगणक येण्याच्या कितीतरी आधी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि त्या दशकात बजाज, टेल्को यांच्याभोवती कारखाने वाढत गेले. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने कारखान्यावर शिकवण्याचीही जबाबदारी टाकली. शेतीतून थेट यंत्रासमोर आलेल्या पोराला शॉपवर आधी ओळखावे लागत ते रंग.

पाइपांच्या रंगांसाठी १९६३ मध्ये आयएस २३७९ हे भारतीय मानक आले. त्यात पाण्याला समुद्री हिरवा, हवेला आकाशी, आम्लाला गडद जांभळा, तेलाला फिकट तपकिरी, वायूला पिवळा रंग ठरवलेला आहे. मात्र मानक केवळ रंगावर थांबत नाही. मूळ रंगावर दुसऱ्या रंगाचा पट्टा येतो, नाव लिहिले जाते, प्रवाहाची दिशा बाणाने दाखवली जाते. रंग विटला, धुळीने झाकला किंवा पाहणाऱ्याला नीट दिसला नाही, तरी माहिती हरवत नाही.

जपानी उत्पादनपद्धतीबरोबर वाहन उद्योगात अँडॉन, म्हणजे लाइनची स्थिती दिव्यांनी दाखवणारा इशारा, आला. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला उभा राहिला, तोवर लाइनवरचा टॉवर लॅम्प या उद्योगात रुळला होता. त्यात लाल दिवा वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली असतो. त्यामुळे रंग न ओळखणारा माणूसही दिव्याच्या जागेवरून अर्थ लावू शकतो. इमर्जन्सी स्टॉपचे बटण लाल असतेच, शिवाय ते छत्रीसारखे फुगीर आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर बसवलेले असते, म्हणजे अंधारात हातालाही सापडते. अँडॉनमधला पिवळा फार मोलाचा आहे. ‘अडचण आहे, मदतीला या’ एवढेच तो सांगतो, आणि मूळ टोयोटा पद्धतीत हा दिवा लावण्यासाठी दोरी ओढणाऱ्याला दोष दिला जात नाही.

ऑनलाइन शिक्षण याच पट्ट्यातल्या आयटीआयच्या मुलांपर्यंत पोचले ते सरकारी व्यासपीठांतून. २०१७ मध्ये ‘स्वयम’ आणि ‘दीक्षा’, तर २०१९ मध्ये ‘भारत स्किल्स’ सुरू झाले. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये वर्कशॉप बंद पडले आणि धडा मोबाइलवर आला. पडद्यावरच्या चाचण्यांमध्ये सर्वसाधारणपणे बरोबर उत्तर हिरवे आणि चुकलेले लाल असते. कारखान्यातले दोन रंग आले, पण तिसरा पिवळा मागे राहिला. चुकलेले उत्तर म्हणजे धोका नव्हे, तिथे मदत हवी असते. धोक्याचा लाल शिकणाऱ्याच्या चुकीवर वापरणे म्हणूनच अयोग्य आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. जागा, आकार आणि अक्षर हे तिन्ही आधार पडद्यावर अनेकदा सुटले. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. भारतात हे प्रमाण कमी आढळते, तरी पुरुषांची बहुसंख्या असलेल्या ट्रेडच्या वर्गात असा विद्यार्थी असणे मुळीच दुर्मीळ नाही. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब-सुलभतेच्या जागतिक निकषांनी रंग हे माहिती देण्याचे एकमेव साधन असू नये, असे लिहून ठेवले. हिरव्याबरोबर बरोबरची खूण, लालबरोबर फुली आणि शेजारी शब्द असले, की हा निकष पूर्ण होतो.

त्याच निकषांनी साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढे गुणोत्तर मागितले. शॉपफ्लोअरवरच्या धोक्याच्या पट्ट्यांतला काळा आणि शुद्ध पिवळा घेतला तर ते साडेएकोणीसच्या वर जाते. तोच पिवळा पांढऱ्यावर अक्षरांसाठी वापरला, तर गुणोत्तर १.१ पर्यंतही पोचत नाही. पांढऱ्यावरचा शुद्ध लालही ४ च्या आसपासच अडकतो, म्हणजे काठावर नापास होतो. देवनागरीत ही अडचण वाढते, कारण अनुस्वार, रफार आणि मात्रा आकाराने बारीक असतात. फिकट करड्या अक्षरात ही चिन्हे आधी नाहीशी होतात, आणि कंपनीच्या गेटबाहेर उन्हात स्वस्त मोबाइलवर धडा उघडणाऱ्याला तर शब्दच अर्धा दिसतो.